बैसाणेबाई, थर्ड क्लास

"मी बैसाणे. थर्ड क्लास. दोनदा नापास."

सुरतच्या लेबर कोर्टात माझी त्यांची ओळख झाली ती ही अशी. मी लग्न होऊन बडोद्याहून नुकतीच आलेली, वकिलीची सनद नवी कोरी, अंगावरचा काळा कोट त्याहून कोरा. आवारातल्या बदामाच्या झाडाखाली मला एका टेबलाची अर्धी बाजू मिळाली होती, आणि उरलेल्या अर्ध्या बाजूला ही बाई डबा उघडून बसली होती. मी नमस्कार करून नाव सांगितलं, तर हे उत्तर. मला वाटलं चेष्टा करताहेत. छे! "आणि तुझा कुठला क्लास?" त्यांनी विचारलं. फर्स्ट, मी म्हणाले. "अरे वा! मग बैस, फर्स्ट क्लास. ठेचा खातेस?" त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'फर्स्ट क्लास'च झाले. माझं नाव सुधा आहे हे त्यांच्या लक्षात तरी होतं की नाही, देव जाणे.

मला तर धक्काच बसला होता. आमच्या घरात मार्क म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट. माझ्या सख्ख्या भावाला दहावीला किती पडले ते मला त्याच्या लग्नात कळलं, तेही त्याच्या मित्राकडून. आणि ही बाई आपलं नापास होणं गळ्यात पाटी अडकवावी तसं मिरवत होती. एकदा नवे जज्जसाहेब आले. सगळे वकील ओळख करून देत होते. कुणी सुवर्णपदक सांगितलं, कुणी आजोबांचं नाव. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "बैसाणे. थर्ड क्लास." साहेबांनी चष्माच काढला. बाहेर आल्यावर मी चिडले. "अहो बाई, कुणी विचारलं होतं का तुम्हाला?" तर म्हणे, "मागून बोलणारच ना लोक? मग मीच पुढून बोलते. त्यांचा वेळ वाचतो."

बाईंचे वडील साक्रीकडचे, रेल्वेत गँगमन म्हणून सुरतेला लागून असलेल्या उधन्याला आले आणि तिथलेच झाले. बाईंनी दिवसा मागाच्या कारखान्यात बॉबिनवर सूत भरायचं काम केलं आणि संध्याकाळच्या कॉलेजात वकिली शिकल्या. त्यात कराराच्या कायद्याचा पेपर दोनदा गेला. नवरा नामदेवराव रेल्वेच्या यार्डात फिटर. माणूस इतका शांत, की बाई शेजारी असताना ते आहेत हे विसरायला व्हायचं. बाईंचं बोलणं तीन कप्प्यांचं होतं. जज्जांशी गुजराती, माझ्याशी मराठी, आणि अशिलांवर ओरडायचं असलं की अहिराणी. उधना, बमरोली, सचिन, सुरतेभोवती जिथे म्हणून खान्देशातला माणूस मागावर उभा होता तिथे त्यांना 'वकीलताई' म्हणत, आणि त्यांची लूना गल्लीत शिरली की लोक खाटा बाहेर काढत.

त्यांच्या मनगटावर नवऱ्याचं जुनं, मोठ्या तबकडीचं किल्लीचं घड्याळ असे. उलटतपासणीला उठायच्या आधी त्या ते काढत आणि न बघता माझ्यापुढे धरत. "धर." बस, एवढंच. मला पहिल्यांदा वाटलं, काही शकुनबिकुन असेल. मग कळलं की एकदा हातवारे करताना पट्टा सुटून घड्याळ उडालं होतं आणि स्टेनोच्या टेबलावर जाऊन आपटलं होतं. साहेबांनी समज दिली होती. काम संपलं की बाई हात पुढे करत. "दे." परत घ्यायला कधी विसरल्या नाहीत.

आता त्या भांडायच्या कशा, ते सांगते. उधन्याच्या एका शेठने शपथेवर सांगितलं, हा भीमराव कोण ते मला ठाऊक नाही, माझ्या शेडमध्ये त्याने कधी पाऊल टाकलेलं नाही. सुरतेत हे रोजचंच. मागावरच्या माणसाकडे ना नेमणुकीचा कागद, ना ओळखपत्र. कामावरून काढला की मालक हात वर करून मोकळा. बाईंनी तो मुद्दा चक्क सोडूनच दिला. शेठला विजेच्या बिलाचं विचारलं, साड्यांच्या भावाचं विचारलं, मुलीच्या लग्नाचं विचारलं. शेठ खुलले. मग बाई सहज म्हणाल्या, "ते खरं शेठ, पण लग्नाच्या वेळी बिचारा भीमराव रजेवर होता ना?"

"रजा शेनी?" शेठ उसळले. "ए तो भागी गयेलो!"

म्हणजे, रजा कसली, तो तर पळून गेला होता! सगळ्यांत आधी स्टेनो हसली. शेठच्या बाजूने कापडियासाहेब उभे होते, त्यांनी डोळे मिटून घेतले.

कापडियासाहेब म्हणजे मालकांचे वकील. पांढरेशुभ्र केस, तरुणपणी लंडनला शिकून आलेले, आवाज कधी चढायचा नाही. बाई त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडत होत्या. कधी त्या जिंकत, बरेचदा साहेब. बाहेर भेटले की दोघं एकमेकांना जेमतेम मान हलवत.

आणि मग हिलालची केस आली. सुरतेत प्लेग आला त्यानंतरचं वर्ष असेल. हिलाल बमरोलीत राहायचा, मूळचा धुळ्याकडचा. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा एक दिवस उडाला आणि थेट त्याच्या डोळ्यात गेला. डोळा गेलाच. भरपाई मागायची तर कुणाकडे? शेड एकाची, माग दुसऱ्याचे, सूत तिसऱ्याचं आणि पगार चौथ्याच्या हातून. इथे भीमरावची युक्ती चालण्यासारखी नव्हती. हिलालला सगळेच ओळखत होते, फक्त तो कुणाचाच नव्हता. आमच्या टेबलाशी उकिडवा बसून त्याने विचारलं, "ताई, मंग मना मालक कोन शे?"

बाईंना उत्तर देता येईना. बाईंना! डबा तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या त्या पेपराचं कात्रण घेऊनच. इंग्लंडमध्ये कायद्याचं पुढचं शिक्षण, एलएल. एम. "मी जाते," म्हणाल्या. मी चहा पीत होते, तो नाकात गेला. वय चाळिशीपलीकडे, थर्ड क्लास, आणि निघाल्या विलायतेला! "अहो, कशाला पण?" मी खोकतच विचारलं.

"गिरण्या पहिल्यांदा कुठं झाल्या? तिथंच ना? मग तिथंही कुणाचा तरी डोळा गेला असेल, आणि तिथलाही शेठ म्हणाला असेल, हा माझा माणूस नाही. कोर्टानं तेव्हा काय सांगितलं, आणि का सांगितलं, ते मला नीट शिकायचंय. इथं मला कोण शिकवणार? तू?"

मी रुमालाने नाक पुसलं.

रिंग रोडवर परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं एक ऑफिस नवीन निघालं होतं. टाय लावलेल्या एका मुलाने बाईंची गुणपत्रिका घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "मॅडम, ये आपकी है?"

"मग काय तुझी आहे?"

तो बिचारा समजावून सांगू लागला. तिकडे फर्स्ट क्लासवाल्यांनाही नकार येतात. अगदीच अर्ज करायचा तर मार्क कमी का पडले त्याचं कारण लिहावं लागेल. मोठं आजारपण लिहा, नाहीतर घरात मृत्यू झाला असं लिहा, सगळे तसंच लिहितात.

"कुणाला मारू?" बाईंनी विचारलं. "सासू ठणठणीत आहे आणि नवरा खाली लूनापाशी उभा आहे."

शेवटी कारण त्यांनी स्वतःच लिहिलं, स्वतःच्या इंग्रजीत. मी फक्त व्याकरण सावरलं. लिहिलं काय, तर: 'कराराच्या कायद्यात मी दोनदा नापास झाले, कारण करार म्हणजे काय ते मला समजत नव्हतं. माझ्या ओळखीतल्या कुणाकडेच करार नव्हता. आता इतकी वर्षं मी करार नसलेल्या माणसांच्या केसेस चालवते आहे, त्यामुळे तो विषय समजायला लागला आहे. पुढचा तुमच्याकडे शिकायचा आहे.' मी डोक्याला हात लावला. असं कुणी लिहितं का? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा! पण बाई एक अक्षर बदलायला तयार होईनात.

शिफारसपत्रं दोन हवी होती. एक कॉलेजच्या प्राचार्यांनी दिलं, त्यात बाई वर्गात हजर असत एवढंच लिहिलं होतं. दुसरं कुणाचं घ्यायचं यावर मी नावं सुचवत होते. निवृत्त जज्ज, कामगार संघटनेचे अध्यक्ष. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "कापडिया."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कापडियासाहेब? अहो, ते तुमचे शत्रू ना!"

"म्हणूनच. आमच्याकडे सोयरीक करायची तर माझा बाप पोराच्या मामाला कधी विचारायचा नाही. मामा काय, चांगलंच बोलणार. ज्याचा बांधाला बांध लागून आहे ना, त्याला जाऊन विचारायचा. बांधकरी रोज भांडतो, त्याला सगळं माहीत असतं. तो जेवढं चांगलं म्हणेल तेवढं खरं धरायचं. माझे अशील म्हणतील, ताई देव आहे. देवाला ॲडमिशन कोण देतो?"

आणि खरोखर गेल्या! मलाही ओढत नेलं. कापडियासाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेन, तमे गांडा थई गया छो?" वेड लागलंय का, असं. मग हसले, आणि हो म्हणाले. आठवड्याभरात पत्र आलं, चांगल्या कागदावर टाइप केलेलं. असामान्य बुद्धी, निर्दोष आचरण, सुरतच्या वकीलवर्गाचं भूषण. मी वाचून नाचायचीच बाकी होते. बाईंनी दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "हे नको."

"नको?" मी किंचाळलेच असेन, कारण पलीकडचे पानवाले वळून बघायला लागले.

"यात एकही वाईट शब्द नाही. बांधकरी नुसतं गोड बोलायला लागला की समजायचं, त्याला बांध सरकवायचाय. हिलालच्या केसमध्ये समोर तेच उभे आहेत ना? तिची शेवटची सुनावणी कधी येईल? दिवाळीच्या सुमाराला. आणि इंग्लंडातले वर्ग कधी सुरू होतात? त्याच्या आधी."

एवढा सभ्य माणूस, आणि त्याच्या पोटात हे? बाईंना मात्र त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. कोट घातला आणि निघाल्या. कापडियासाहेबांच्या चेंबरमध्ये जाऊन पत्र टेबलावर ठेवलं. "साहेब, इतकी वर्षं भांडलात माझ्याशी. एकही चूक नाही सापडली? बांध सरकवायचा असेल तर सरळ सांगा, मी दुसरं कुणी बघते."

कापडियासाहेबांचा गोरा चेहरा लालेलाल झाला. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला वाटत होतं. त्यांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बेसो." कोरा कागद ओढला, हाताने नवं पत्र लिहिलं आणि आम्हाला वाचून दाखवलं. त्याचा अर्थ मला अजून पाठ आहे. 'या बाईंचं इंग्रजी कच्चं आहे. रागावल्या की त्यांना आवाज आवरत नाही, न्यायालयाने त्यांना माझ्यादेखत समज दिलेली आहे. वडीलधाऱ्यांचा मान ठेवत नाहीत, त्यात मीही आलो. त्यांना खोटं बोलताना पकडायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. त्या तुमच्याकडे आल्या तर माझा फायदा आहे, कारण त्यांच्याविरुद्ध माझी एक केस उभी आहे. हे पत्र वाचताना ते लक्षात घ्यावं. तरीही त्यांना घ्या, असं माझं म्हणणं आहे.'

"आता बरं," बाई म्हणाल्या, आणि आभार न मानताच उठल्या.

नकार एकामागून एक येत राहिले. पाकीट पातळ असलं की बाई न उघडताच म्हणायच्या, "गेला." आणि मग एक जाड पाकीट आलं. एका विद्यापीठाने प्रवेश दिला होता, फीसुद्धा माफ केली होती. त्यांच्या पत्रात ठरावीक मजकुराखाली दोन वाक्यं वेगळी होती: गुण पाहून आम्ही अर्ज बाजूला ठेवला होता. विरोधी वकिलाचं पत्र वाचून पुन्हा उघडला. मला खुर्चीत बसवेना. थर्ड क्लासला विलायत, आणि माझ्या फर्स्ट क्लासला हे बदामाचं झाड! जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू? पण त्याहून आनंद मोठा होता. मी नामदेवरावांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते विडी विझवत म्हणाले, "ती जाई म्हने, तं जाईच."

पण हिलाल? बाईंनी सुनावणी लवकर घ्यावी म्हणून अर्ज दिला. कापडियासाहेबांनी हरकत घेतली असती तर विषयच संपत होता. जज्जसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा शेठ मागून त्यांचा कोट ओढत होता, ते मी या डोळ्यांनी पाहिलं. कापडियासाहेब उभे राहिले आणि म्हणाले, "वांधो नथी." हरकत नाही!

सुनावणी झाली. "धर," बाई म्हणाल्या आणि जीव तोडून बोलल्या. आणि हरल्या. मालक नक्की कोण हे सिद्ध होत नाही, असा निकाल आला. कापडियासाहेबांनी सभ्यपणा दाखवला होता, पण केस काही ढिली सोडली नव्हती. हिलाल नुसता जमिनीकडे बघत राहिला. बाहेर येऊन बाईंना घड्याळाचा पट्टा लावता येईना. मी लावून दिला. रडले मी. त्या म्हणाल्या, "अपील अहमदाबादेत दाखल करून जाते. परत येऊन चालवते."

सुरत स्टेशनवर त्यांना मुंबईच्या गाडीत बसवायला अर्धं उधना लोटलं होतं. कळण्याच्या भाकऱ्या, चटण्या, कुणीतरी तर पाट्यावर वाटलेला मसाला आणला होता. हिलाल काळा चष्मा लावून आला होता. आणि जिन्यावरून खाली कोण उतरतंय, तर कापडियासाहेब! हातात एक जाडजूड लोकरी ओव्हरकोट. त्यांच्या लंडनच्या दिवसांतला. मी थक्क. बाईंनी तिथेच घालून पाहिला, बाह्या बोटांच्या खाली गेल्या.

"साहेब, कोट घातला म्हणून मी तुमच्या बाजूने बोलणार नाही."

"ए तो मने खबर छे," साहेब म्हणाले.

गाडी हलली. बाई दारात उभ्या होत्या. एकदम त्यांनी घड्याळ काढलं आणि वाकून माझ्या हातात कोंबलं. "धर." मी वेड्यासारखी डब्याबरोबर धावत होते. अहो, तिकडे वेळ कशात बघणार, असं काहीतरी ओरडलेही. पण गाडी गेली.

मग वर्षभर लोक बोलत होते. विलायतेचं पाणी लागलं की कोण परत येतं? तिथे मोठ्ठी नोकरी लागली म्हणे. त्यांची पत्रं येत ती चार ओळींची. थंडी फार आहे, पाव बेचव आहे, वाचायला खूप आहे. मीसुद्धा मनातून आशा सोडली होती. नामदेवरावांना विचारलं की ते विडी ओढत यार्डाकडे बघत. मी मात्र घड्याळाला रोज किल्ली देत होते.

हायकोर्टाने हिलालची केस पुन्हा ऐकायला खाली पाठवली. तारीख पडली, ती मी बाईंना पत्राने कळवली. त्या दिवशी मी कोर्टात बसले होते, बाई आल्या नाहीत तर मलाच उभं राहावं लागणार होतं. पलीकडे कापडियासाहेब आणि त्यांचा शेठ. हिलाल भिंतीला टेकून उभा. आणि माझ्या तोंडासमोर एक हात आला.

"दे."

मी वर पाहिलं. त्याच चपला, तीच सुती साडी, केसांत पांढरं जरा वाढलेलं. ना कशी आहेस, ना काही! मला हसू की रडू कळेना. तोंडून बाहेर पडलं ते हेच, "अहो बाई, किती मार्क पडले?"

"पास. नुसती पास." घड्याळ कानाशी धरून त्यांनी टिकटिक ऐकली आणि मनगटावर बांधलं. "तिथंही वर्गात शेवटून. पण मालक कोण ते शिकून आले."

हिलाल त्या खेपेला जिंकला, हे इथेच सांगून टाकते. शेड, माग, सूत आणि पगार, चौघांनाही कोर्टाने मिळून धनी ठरवलं. बाई पुढेही त्याच झाडाखाली बसल्या, आणि तिकडून आल्यावरसुद्धा नव्या जज्जांना 'थर्ड क्लास' असंच सांगत राहिल्या. आता त्या नाहीत. पण मला त्या आठवतात त्या त्याच सकाळच्या.

पट्टेवाल्याने केसचा पुकारा केला. बाईंनी नुकतंच बांधलेलं घड्याळ पुन्हा काढलं, न बघता माझ्यापुढे धरलं. "धर." आणि उठल्या.

मी सहज पलीकडे पाहिलं आणि बघतच राहिले. कापडियासाहेब बाईंकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी डावा हात पुढे घेतला, सावकाश आपल्या सोनेरी घड्याळाचा पट्टा सोडला, आणि ते शेजारी बसलेल्या शेठच्या हातात दिलं.

"पकडो," ते म्हणाले.